घट्ट तूप

तेजराम रामटेकेच्या घरी पाहुणा आला आणि कढई चढली नाही, असं कधी झालं नाही. भिलाईच्या नव्या वसाहतीत त्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं, तेव्हा पहिल्याच पगारातून त्यानं वनस्पती तुपाचा मोठा डबा आणला आणि तो चुलीपाशी न ठेवता बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवला. दारातून आत पाऊल टाकणाऱ्याची नजर आधी त्या डब्यावर पडायची. कमला सुरुवातीला तो आत नेऊन ठेवी. तेजराम ड्यूटीवरून आला की काही न बोलता उचलून पुन्हा फळीवर ठेवी. महिनाभरात तिनं नाद सोडला.

नाद सोडला, कारण सासूनं तिला एक गोष्ट सांगितली होती.

साकोलीकडच्या त्यांच्या खेड्यात तेजरामच्या थोरल्या बहिणीचं लग्न होतं. तेजराम तेव्हा नऊ वर्षांचा. बापानं कुठून कुठून जमवून तूप आणलं आणि मांडवात तुपाच्या पुऱ्या तळायला घेतल्या. वास गावात गेला. थोड्या वेळानं गावातले सातआठ जण आले. "तुमी तूप खाल, तं आमी का खावं?" एवढंच विचारलं आणि ओंजळी भरभरून माती कढईत टाकली, पुऱ्यांच्या टोपल्यांत टाकली. वऱ्हाडी उपाशी उठले. अंजनाबाईनं, म्हणजे तेजरामच्या आईनं, त्या पुऱ्या विहिरीच्या पाण्यात धुतल्या, उन्हात वाळवल्या, आणि पुढचे तीन दिवस घरानं त्याच खाल्ल्या. दाताखाली कचकच यायची.

छप्पन साली तेजराम नागपूरला जाऊन बौद्ध झाला. दोन वर्षांनी कारखान्याची भरती निघाली तेव्हा भिलाईला आला. शेतांमधून चिमण्या उगवत होत्या, रशियन साहेब दुभाषे घेऊन हिंडत होते, आणि ज्याला जे येईल ते शिकवून उभं केलं जात होतं. तेजरामची नजर आणि हात पाहून त्याला क्रेनवर घेतलं. पोलाद वितळवायच्या शॉपमध्ये छताखाली रुळांवरून धावणारी क्रेन, तिला टांगलेली केबिन, आणि केबिनखाली लेडल: घरापेक्षा मोठी लोखंडी बादली, काठोकाठ पेटत्या पोलादानं भरलेली. ती भट्टीपासून उचलून साच्यांवर नेऊन धरायची. खाली माणसं काम करत असायची.

"सारे साहेब, सारे ठेकेदार खाली," तेजराम जेवताना सांगायचा. "मी वरतं. मान वर केल्याबिगर कोणी मले पाहू शकत नाई."

आणि तो जेवायचाही तसाच. भातावर दोन पळ्या तूप, रोज काहीतरी तळलेलं, रविवारी मटण, त्यावर बोटभर तवंग. कढईत उरलेलं तूप गाळून पुन्हा डब्यात जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तापे. अंजनाबाईला पुऱ्यांचं वेडच. सून तळायला बसली की म्हातारी पाट ओढून शेजारी बसे आणि पहिली पुरी हातावर झेलून घेई. कमलाला त्या दोघांचं खाणं पाहून बरं वाटायचं. ज्यांच्या ताटात कधी माती पडली त्यांना पोटभर वाढणं हे तिला पुण्याचंच काम वाटे.

बासष्टच्या दसऱ्याला, दीक्षेच्या दिवशी, अंजनाबाई जेवायला बसली आणि तिच्या हातातली पुरी गळून पडली. तिनं ती उचलायला हात नेला, तर हात ताटापर्यंत पोचेना. ती आपल्या उजव्या हाताकडे, दुसऱ्या कोणाचा हात मांडीवर येऊन पडल्यासारखी पाहत राहिली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

"माय, का झालं?" कमलानं विचारलं.

"भिंत," अंजनाबाई म्हणाली. मग घाबरून, जोर लावून, "भिंत. भिंत दे."

तिला पाणी हवं होतं. ते कळायला कमलाला बराच वेळ लागला.

कारखान्याच्या दवाखान्यात म्हातारी अठरा दिवस होती. डॉक्टर दक्षिणेकडचे, चाळिशीचे, हिंदी जपून जपून बोलणारे. मेंदूला रक्त नेणारी नळी बंद झाली, असं त्यांनी सांगितलं. घरात काय खाता, हे त्यांनी विचारलं तेव्हा तेजराम अभिमानानं म्हणाला, "साहब, किसी चीज की कमी नहीं. सब तूप में."

डॉक्टरांनी कागदावर नळीचं चित्र काढलं आणि आतल्या बाजूनं पेन्सिलनं थरावर थर गिरवले. पातळ तेल कारखान्यात घट्ट करतात, ते हे वनस्पती, ते म्हणाले. असं घट्ट तूप, जनावराची चरबी, रोज आणि भरपूर खाल्लं तर रक्तातली चरबी वाढते, नळ्यांना आतून असे थर धरतात, असं आता पुष्कळ डॉक्टर म्हणू लागले आहेत. सगळं अजून सिद्ध झालेलं नाही. वय असतं, बिडी असते, घराण्यात असतं. "लेकिन नली वही है," ते म्हणाले. "दिमाग में बंद हुई तो लकवा. दिल में बंद हुई तो…" ते तेजरामकडे पाहून म्हणाले, "आप भी एक दिन आइए. जाँच करेंगे."

"मले का झालं?" बाहेर येऊन तेजराम हसला. "डॉक्टरलोकायले गरिबाच्या ताटातलं तूप दिसलं का पोटात दुखते."

कमला हसली नाही. पेन्सिलनं काळी होत गेलेली ती नळी तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

त्यानंतर तिला गोष्टी दिसू लागल्या. आधीही त्या असतील. पण आता नजर तिथेच जायची. तेजराम शिफ्टवरून सायकलनं येताना पूर्वी पुलाचा चढ उभ्यानं पायडल मारत चढायचा. आता तो खाली उतरून सायकल ढकलत येतो, हे शेजारच्या बाईनं सहज सांगितलं. अंघोळीची बादली उचलून ठेवल्यावर तो मोरीच्या भिंतीला टेकून उभा राही. डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत हात चोळत राही. विचारलं की म्हणे, "गॅस झाला," आणि ओवा चावे. डिसेंबरातल्या थंडीत, अंगणात बसल्या बसल्या, त्याच्या कपाळावर एकदा घाम आला. टपोरे थेंब. कमला पदरानं पुसायला गेली तर त्यानं तिचा हात झिडकारला.

"दवाखान्यात चला ना एकदा," ती म्हणाली.

"आन् डॉक्टरनं लिवून देल्लं, का हा वर चढायच्या लायक नाई, तं?"

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

तिच्या हातात होतं ते तिनं केलं. शेजारच्या कुरुद गावात एका तेल्याची घाणी होती. तिथे जाऊन तिनं जवसाचं तेल आणलं. डॉक्टरांना तिनं आधी विचारलं होतं, जवस चालेल का म्हणून. ते म्हणाले होते, जवसाचं मला फारसं माहीत नाही, पण थंडीत गोठत नाही ते तेल त्यातल्या त्यात बरं, आणि तेही थोडंच. त्या दिवशी तिनं वांग्याची भाजी जवसाच्या तेलात केली, तळण केलं नाही, भात कोरडा वाढला.

तेजरामनं घास तोंडाजवळ नेला आणि थांबला.

"हा वास कशाचा?"

"जवस हाय. माहेरी आमी हेच खात होतो. तुमीबी खाल्लं हाय लहानपनी."

त्यानं ताट फेकलं नाही. फेकलं असतं तर कमलाला सोपं गेलं असतं. त्यानं घास ताटात परत ठेवला, हात धुतला आणि म्हणाला, "या वासातून निघायले मले तीस वर्षं लागली, कमला. तू मले परत तिथंच नेऊन राहिली."

पलीकडे खाटेवरून अंजनाबाई पाहत होती. तिला कळत होतं की नव्हतं, कोण जाणे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ते आजकाल उगाच वाहत असे.

बाबुलाल शेजारच्या क्वार्टरात राहायचा. तेजरामच्या क्रेनखाली उभं राहून हाताच्या खुणांनी आणि शिटीनं त्याला इशारे देण्याचं काम त्याचं. माणूस बडबड्या. सकाळी दात घासत घासत अख्ख्या गल्लीला कालच्या पाळीची हकीकत ऐकवणारा. पण जानेवारी लागल्यापासून तो तेजरामच्या दारावरून खाली मान घालून जाऊ लागला. कमलानं एकदा त्याला नळावर गाठलं.

"भैया, तुमी तं त्यायले रोज पाहता. वर असताना बरे असतात ना?"

बाबुलालची बादली भरून वाहू लागली तरी त्यानं ती काढली नाही. "भाभी," तो म्हणाला, "मुझसे कुछ मत पूछो. उसने मेरे को कसम दी है." आणि अर्धी बादली सांडत तो निघून गेला.

कसम कशाची, हे त्यानं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून कारखान्याच्या बाजूला आकाश लाल झालं की कमलाचे हात थांबत. पूर्वी तिला तो उजेड आवडायचा, लेकीला, ताराला, कडेवर घेऊन ती दाखवायची, "पाय, तुह्या बाबानं वतलं." आता तिला तो पुरासारखा वाटे. तिला ती बादली दिसे, वर एकटा बसलेला तिचा नवरा दिसे, त्याचा डावा हात दिसे, आणि खाली वावरणारी माणसं. कुणाचे नवरे होते, कुणाची पोरं होती. त्यांच्या बायका त्या वेळी भाकरी थापत असतील, त्यांना कशाची खबर नसेल. खबर असलेली ती एकटीच.

तिनं चार दिवस विचार केला. पाचव्या दिवशी म्हातारीचं औषध आणायचं निमित्त काढून ती दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांपुढे उभी राहिली. बोलायला लागली तर हिंदी सगळी उलटीपालटी झाली. पण चढावर उतरणं, डावा हात, थंडीतला घाम, सगळं तिनं सांगितलं.

"आपका आदमी काम क्या करता है?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"क्रेन चलाते. लेडलवाली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खिडकीतून शॉपची लांबलचक छपरं दिसत होती. तिकडेच पाहत ते म्हणाले, "मैं लिखूँगा तो वो ऊपर नहीं जाएगा. फिर कभी नहीं. आप समझती हैं?"

कमलाला तेजरामचा चेहरा आठवला: सारे साहेब खाली, मी वरतं.

"लिखिए," ती म्हणाली.

तेजरामला बोलावणं आलं, छातीला वायरी लावून तपासणी झाली, आणि आठ दिवसांत त्याला क्रेनवरून उतरवून स्टोअरच्या शेडमध्ये बसवलं. नटबोल्टांच्या पेट्या मोजून द्यायच्या, घ्यायच्या. ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी तो लवकर घरी आला. दारात उभा राहिला, बूट काढले नाहीत.

"तूच ना?"

कमला खोटं बोलू शकली असती. "हो," ती म्हणाली.

"गाववाल्यायनं माती टाकली," तो म्हणाला, "पण निदान समोरून टाकली."

त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. ताराशी बोले, आईला कुशीवर वळवी, तिच्या लुळ्या हाताला तेल चोळी. कमलाकडे मात्र भिंतीकडे पाहावं तसं पाही. घरचं जेवण त्यानं बंद केलं. पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात एका हॉटेलात तो सकाळसंध्याकाळ खाऊ लागला. घरी आला की त्याच्या कपड्यांना कचोरीचा, जळक्या तुपाचा, बिडीचा वास येई. फळीवरचा डबा कमलानं आत नेला होता. त्यानं नवा आणून जागेवर ठेवला. भरलेला, न उघडलेला. तो उघडायची हिंमत कमलाला झाली नाही, हलवायचीही झाली नाही. ती त्याचे शर्ट धुवायला घेई आणि वास आला की मोरीतच बसून राही. त्याला वाचवायला गेले आणि त्याच्या हातात सुरी देऊन आले, असं तिला वाटे.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, बाबुलाल दारात आला. अंगावर ड्यूटीचे कपडे, डोक्यावरची टोपी हातात. कमलानं त्याचं तोंड पाहिलं आणि ती चुलीवरचं भांडं तसंच टाकून निघाली. काय झालं, हे तिनं विचारलंच नाही.

शेडमध्ये पेटी सरकवताना तेजराम खाली बसला होता. बसला, छाती धरली आणि आडवा झाला. शेडपासून दवाखान्याची गाडी जवळ होती, म्हणून तो जिवंत पोचला. दोन दिवस त्याचा रंग राखेसारखा होता. डॉक्टरांनी कमलाला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाचा एक तुकडा मेला आहे, तो परत जिवंत होत नाही. उरलेल्यावर जगायचं. किती दिवस, ते कोणी सांगू शकत नाही. बिडी बंद, घट्ट तूप बंद, जड उचलणं बंद.

पाच आठवडे तो खाटेवर पडून होता. कमला रोज डबा न्यायची: पातळ वरण, भाजी, ज्वारीची भाकरी. पहिले दिवस त्यानं तोंड फिरवलं. मग एक दिवस नर्सनं चमचा पुढे केला तेव्हा म्हणाला, "तिच्या हातानं." एवढंच. कमलानं भरवलं. त्यात जवसाचं तेल होतं. त्याला वास आला असणारच. तो डोळे मिटून चावत राहिला.

घरी आल्यावर त्यानं स्वतःच फळीवरचा डबा उतरवला आणि जयंतीच्या स्वयंपाकासाठी देऊन टाकला.

चौदा एप्रिलला मैदानात मांडव पडला. दोन-तीनशे माणसांचं जेवण होतं. बायकांच्या कमिटीची सिंधुताई कमलाला म्हणाली, "पुऱ्या तुपातच तळायच्या हं. आजच्या दिवशी कोणी म्हनू नाई का यायच्या घरी तेलाचं होतं." कमलाला खूप काही सांगायचं होतं. नळीचं चित्र सांगायचं होतं. पण समोरच्या बायकांच्या तोंडावरचा आनंद तिनं पाहिला. यातल्या कितीजणींच्या घरी मातीची गोष्ट असेल, हे तिला माहीत होतं. ती कढईपाशी बसली आणि पुऱ्या तळत राहिली. खुर्चीवर आणून बसवलेली अंजनाबाई वासानं ताठ होऊन मान वळवत होती.

तेजराम पंगतीत बसला. वाढणाऱ्यानं चार पुऱ्या टाकल्या. त्यानं तीन परत दिल्या, एक ठेवली, आणि ती इतकी सावकाश खाल्ली की शेजारची पंगत उठून गेली. कमला झाऱ्या हातात धरून लांबून पाहत होती. एका पुरीनं काय होतं, तिनं मनाला विचारलं. आणि पुढची पुरी कढईत सोडली.

दुपारी दोघं घरी निघाले. तारा बाबुलालच्या बायकोबरोबर मांडवातच थांबली होती. म्हातारीला रिक्षात घालून पुढे पाठवलं होतं. ऊन चढलं होतं. तेजराम दर विजेच्या खांबापाशी थांबून श्वास घेत होता आणि कमला, आपण सहजच थांबलो आहोत असं दाखवत, पदर नीट करत उभी राहत होती.

"तुले एक सांगायचं हाय," तो एकदम म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली.

"डिसेंबरात. दुसऱ्या पाळीले. लेडल उचलली होती, भरलेली. साच्यायवर नेऊन राहिलो होतो. आन् मंधातच सारं काळं झालं. किती वेळ, मले मालूम नाई. शिटी आयकू आली म्हून डोळे उघडले. बाबुलाल खालून येड्यासारखा शिटी मारत होता. पाहतो तं हात हँडलवरच होता, आन् क्रेन चालूच. साचे मांगंच राहिले होते. लेडल मान्सायच्या डोक्यावर गेली होती. हेलकावे खाऊन राहिली होती."

कमलानं खांबाला हात टेकला. खांब तापलेला होता, तरी तिनं हात काढला नाही.

"थांबवली मी. सांडलं नाई. मंग खाली उतरून बाबुलालले कसम घातली. म्हटलं, कोणाले सांगशील तं माहं मेलेलं तोंड पाहशील. आन् दुसऱ्या दिवशी पुन्हा वर चढलो. त्याच्या दुसऱ्याबी दिवशी. महिनाभर चढलो, कमला." त्यानं श्वास घेतला. "तू गेली नसती डॉक्टरकडं, तं अजूनबी चढलो असतो."

"खाली किती मान्सं होते?" तिनं विचारलं.

"चौदा." तो पुढच्या खांबाकडे पाहत होता, तिथपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मापत. "त्यातले पाच-सहा तं आत्ता माह्या पंगतीले होते. तुह्या हातच्या पुऱ्या खाल्ल्या त्यायनं."

मागे मांडवात कर्ण्यावर भाषण सुरू झालं होतं. माणसं टाळ्या वाजवत होती. तिनं नवऱ्याचा हात धरला. भर रस्त्यात, दिवसाउजेडी, लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदाच. हात गार होता, आणि घामेजलेला.

"चला," ती म्हणाली. "हळू चला."